शेत निघाल्यास चौकट रद्द

यादव भोये वर्गात स्वतःहून कधी बोलत नसे. तीन वर्षांत एकदाच बोलला आणि त्या एका वाक्याने त्याची झोप उडाली.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला बॉटनीच्या मुलांना गटाने मिळून एक प्रकल्प करावा लागे. एरवी पोरं गंगापूरच्या बाजूला फिरून यायची, चार पानं वाळवून चिकटवायची आणि मार्क घेऊन मोकळी व्हायची. पण ब्याऐंशीच्या त्या उन्हाळ्यात चांदवडकर सर पुण्याला कसल्याशा शिबिराला जाऊन आले, आणि तेव्हापासून त्यांना आकड्यांचं वेड लागलं. दिवाळीची सुट्टी संपताच त्यांनी जाहीर केलं की पानं चिकटवणं बंद. जंगलात जायचं, सुतळीने चौकटी आखायच्या, चौकटीतलं एकूण एक झाड मोजायचं, आणि त्या आकड्यांवरून जंगलाची तब्येत सांगायची. डॉक्टर नाडी धरतो तसं, म्हणाले. नाडी धरणाऱ्याला रोग्याची भीती नसते, हे सरांच्या ध्यानात आलं नसावं.

यादवच्या गटात तिघं होती. लता पगारे सातपूरच्या बाजूच्या कॉलनीत राहायची. वडील कारखान्यात पाळीवर जायचे, आणि पोरीचं गणित असं की दुकानदाराने हिशेब जोडायच्या आत हिचा तयार. दुसरा माधव गायधनी, पंचवटीतल्या उपाध्यांचा मुलगा, गोरा, गुटगुटीत, जिभेला हाड नसलेला.

"जंगल आणायचं कुठून?" माधव म्हणाला. "घाटावरचे यात्रेकरू मोजा म्हणत असाल तर मी एकटा पुरे."

इगतपुरीचं नाव निघालं. पण तिथे राहायचं कुठे, जेवायचं काय, यावर घोडं अडलं. आणि तेव्हा यादवने तोंड उघडलं.

"आमच्याकडे चला," तो म्हणाला. "मोहपाड्याला. घरामागे डोंगरच आहे. आई भाकरी करील."

हे तो का बोलला, याचं उत्तर सोपं आहे. तीन वर्षं त्याने लताच्या डब्यातली भाजी खाल्ली होती. माधवच्या घरून येणारा प्रसादाचा शिरा खाल्ला होता. वसतिगृहात राहणाऱ्या पोराकडे परत द्यायला काय असतं? त्याच्याकडे एक डोंगर होता, तो त्याने देऊन टाकला. लता खूश झाली. माधव म्हणाला, "बघा, आमचा यादव जहागीरदार निघाला." यादवला इतकं बरं वाटलं की त्याच आठवड्यात त्याने पेठच्या गाडीच्या कंडक्टरकरवी घरी निरोपही धाडला, माझे सोबती पौषात येणार आहेत, डोंगर मोजायला.

आता तिकडची एक रीत सांगायला हवी. पाहुण्याला एकदा ये म्हटलं की ते म्हणणं मागे घेता येत नाही. पाहुणा आला नाही तर त्याची मर्जी, पण घरधन्याने येऊ नको म्हणायचं नाही. तसं म्हणणाऱ्याच्या घरी नवं धान्य खायला कोणी पाय ठेवत नाही. पाड्यावर ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

पुढच्या सोमवारी सर हसतहसत आले. वनखात्याची परवानगी मिळाली होती. रेंजरसाहेब भला माणूस आहे, म्हणाले, नकाशासुद्धा ट्रेस करू दिला. अट फक्त एवढीच की खात्याचा माणूस बरोबर राहील आणि अहवालाची एक प्रत त्यांच्या ऑफिसात द्यायची.



मोहपाड्याच्या वरच्या उतारावर त्याच्या बापाचं, पुंजाचं, नागलीचं, म्हणजे नाचणीचं, शेत होतं. त्याच्या आजोबांनी ते फोडलेलं. त्या डोंगरउतारावर माती पातळ, म्हणून काही वर्षं पिकवायचं, जमीन थकली की पडीक टाकायचं, झाडोरा वाढू द्यायचा, आणि तिला पुन्हा दम आला की पुन्हा तोडायचं. शेत तेच, पण बाहेरून आलेल्याला दर वेळी कालच फोडल्यासारखं दिसणार. सरकारने तर ठरवून टाकलं होतं की अठ्ठ्याहत्तरच्या आधीचं शेत असेल तर विचार करू, नंतरचं असेल तर सोडा. पुंजाची शेवटची तोड होती ऐंशीची. खुंट अजून ताजे होते. कागद म्हणाल तर घरात एकही नव्हता. कागद होता तो सरकारकडे, आणि त्यावर अख्खा डोंगर हिरवा रंगवलेला होता.

गेल्या वर्षी शेजारच्या पाड्यावर एकाचा नांगर जप्त झाला होता. त्याला पेठला नेलं, बसवून ठेवलं, शेतात रोपं लावून टाकली. आता तो बायकोपोरांसकट पिंपळगावच्या द्राक्षबागेत मजुरीला जातो. पूर्वी पाड्यावर लग्नात सनई वाजवायचा. आता कोणी बोलावलं तर म्हणतो, दम पुरत नाही.

मोहपाड्याच्या गार्डाला वरची शेतं ठाऊक नव्हती असं नाही. त्याला त्या शेतांच्या कडेच्या कोंबड्याही ठाऊक होत्या. कोंबडी खाऊन डोळे मिटता येतात. पण कॉलेजचा टाइप केलेला, सही-शिक्क्याचा अहवाल साहेबाच्या टेबलावर गेला, आणि त्यात अमुक चौकटीत झाडं शून्य, नागलीचे सड आढळले, असं आलं, की गार्ड तरी काय करणार? आणि हा अहवाल लिहिणार कोण, तर पुंजाचा मुलगा. लोक म्हणतील, सरकारने शिकवला आणि सरकारचं काम केलं.

यादव भ्याला. वसतिगृहात त्याच्या पानातली भाकरी तशीच उरू लागली. वाटेत खाकी कपड्यातला माणूस दिसला, मग तो पोस्टमन का असेना, की याचे पाय आपोआप दुसऱ्या बाजूला वळत.

त्याने सुटायचा प्रयत्न केला नाही असं नाही. "सर, तिकडे रस्ता नाही," तो सरांच्या खोलीत जाऊन म्हणाला. सर म्हणाले, चालू. "सर, पाण्याचे हाल आहेत." सर म्हणाले, पौषात नसतात. "सर, इगतपुरीच बरी नाही का?" तेव्हा मात्र सरांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं, आणि यादवने मान खाली घातली. त्यातच पेठच्या कंडक्टरने उलट निरोप आणला. घरी सगळे वाट पाहताहेत, आईने हातसडीचा तांदूळ बाजूला काढून ठेवलाय, बाप म्हणतो, सगळ्यांना घेऊन ये. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ती ही.

आराखड्याचं काम प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर चाले. नकाशावर लताने आलेखाच्या कागदासारखी जाळी आखली. उभ्या रांगांना आकडे, आडव्या रांगांना आकडे. कुठल्या घरात जाऊन चौकट मांडायची ते आपण ठरवायचं नाही, सरांनी बजावलं. माणूस ठरवायला बसला की सोपी जागा निवडतो, सावलीची, वाटेच्या कडेची. म्हणून ते आकड्यांच्या तक्त्यावर सोडायचं. एका पुस्तकाच्या शेवटी पानं भरभरून नुसते आकडे छापलेले होते, कुठल्याही क्रमाशिवाय. डोळे मिटून पेन्सिल टेकवायची, जो आकडा लागेल तो घ्यायचा.

"म्हणजे चिठ्ठी टाकायची," माधव म्हणाला. "आमच्या शास्त्रात याला कौल लावणं म्हणतात. फुकट करत नाही आम्ही."

यादवला हसू आलं नाही. त्या नकाशावर बाकीच्यांना हिरवा रंग दिसत होता आणि त्याला खालची जमीन दिसत होती. ओहोळाचं वळण इथे, मग मोहाची चार झाडं इथे, मग कडा. म्हणजे शेत या घरात आणि शेजारच्या अर्ध्या घरात. त्याच्या वरच्या बाजूला झुंबरबाईचं, त्याच्या विधवा काकीचं. त्याने बोट ठेवलं नाही, पण नजर तिथून हलेना.

"लता," त्याने हळूच विचारलं, "एखादं घर निवडलं जायची शक्यता किती?"

"किती घरं आणि किती चौकटी त्यावर आहे. आपल्याकडे साधारण दहात एक." तिने त्याच्याकडे पाहिलं. "का रे?"

"सहज."

दहात एक. एवढी भीती दहाने भागली तर थोडी उरायला हवी होती. पण भीतीला भागाकार लागू होत नाही, हे यादवला त्या दुपारी कळलं.

लताने डोळे मिटले, पेन्सिल टेकवली. आकडा वाचला, माधवने नकाशावर लाल शाईचा ठिपका दिला. पहिला ओहोळापलीकडे पडला. दुसरा कड्याच्या पोटात. "इथे यादवला दोरीने सोडू," माधव म्हणाला. तिसरा, चौथा, दोन्ही पार पलीकडच्या धारेवर. यादवचे तळहात ओले झाले होते. त्याने ते पँटला पुसले. मनातल्या मनात तो डोंगरावरच्या देवाला नवस बोलत होता, आणि काय बोलावं हेही त्याला सुचत नव्हतं.

पाचवा ठिपका पुंजाच्या शेताच्या मधोमध पडला.

माधवने शाई वाळायला फुंकर मारली. आणि यादवचं जे तोंड सगळ्यांदेखत तीन वर्षांत एकदाच उघडलं होतं ते दुसऱ्यांदा उघडलं.

"सर, चौकटीत शेत निघालं तर?"

सर वळले. "शेत? तिथे शेतं आहेत का?"

"नाही सर. म्हणजे असलं तर. डोंगर आहे, कुठे एखादं..." त्याने आवंढा गिळला. मग मात्र तो सुटलाच. भीती माणसाला मुका करते म्हणतात, पण कधीकधी ती वकीलही करते. तो म्हणाला, आपला विषय जंगलातल्या झाडांचा आहे. शेतातली चौकट धरली तर झाडं शून्य येतील. त्या शून्याने सरासरी खाली येईल, आणि चांगलं दाट जंगल विनाकारण विरळ दिसेल. तेव्हा शेत निघालं तर ती चौकट रद्द धरावी आणि तक्त्यातला पुढचा आकडा घ्यावा. आणि रद्द चौकटींचा अहवालात उल्लेखही करू नये, उगीच वाचणाऱ्याचा गोंधळ होईल.

चांदवडकर सर अवाक झाले. "भोये," ते म्हणाले, "मी तीन वर्षं तुला ओळखलंच नाही."

लताच्या कपाळावर मात्र आठी पडली. "पण सर, डोंगरावर शेत असेल तर ते डोंगरावरच आहे ना? ते सोडून दिलं तर अहवाल वाचणाऱ्याला वाटेल, डोंगरभर जंगलच आहे."

"आपण जंगल मोजायला चाललोय, पगारे. शेतकी खात्यातर्फे नाही चाललो." सर हसले. "लिही. नियम सातवा. शेत निघाल्यास चौकट रद्द समजावी, पुढील आकडा घ्यावा, रद्द चौकटींची नोंद करू नये."

लताने लिहिलं. लिहिताना एकदा यादवकडे पाहिलं.

त्या संध्याकाळी यादव मेसमध्ये पोटभर जेवला. आमटी नेहमीसारखीच पाणचट होती, तरी त्याने दोनदा मागून घेतली. बापाचं शेत त्याने वाचवलं होतं. एका वाक्याने, शास्त्राच्या भाषेत, कोणाला संशयही न येता. शिक्षण शेवटी उपयोगी पडलं म्हणायचं. आराखडा मंगळवारी टाइप होऊन रेंज ऑफिसात जायचा होता. त्याआधी रविवारी घरी जाऊन बापाला सांगून यावं, असं त्याने ठरवलं.

करंजाळीच्या पुढे गाडीतून उतरून तो पायवाटेला लागला. वळणावर आला आणि तिथेच थांबला.

समोरच्या उतारावर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी दिसत होत्या. आधी त्याला बगळे वाटले. मग लक्षात आलं की ते दगड आहेत. प्रत्येक शेताच्या बांधावरच्या दगडांना चुना फासलेला. त्याच्या बापाचं, काकीचं, वरच्या अंगाचं, खालच्या अंगाचं, सगळ्या पाड्याची शेतं हिरव्या डोंगरावर लख्ख आखून ठेवलेली. आंधळ्यालाही दिसावीत अशी.

झुंबरबाई बांधावरच होती, कोपरापर्यंत हात पांढरे. त्याला पाहून तिने फडकं हलवलं.

"यादव, इकडं बघ. दिसतंय का नाय लांबून?"

"काकी, हे कोणी सांगितलं करायला?"

"कोनी कशाला सांगाया पायजे? तुझी मानसं मोजाया येनार, मंग बांध नको दिसाया? आपलं काय चोरीचं हाय का?" ती हसली. "माझं पन मोजाया सांग बरं का. तुझ्या बाचंच नको मोजू नुसतं."

त्याला रडू येईल असं वाटलं. तो तसाच घरी गेला. आई, फुलाबाई, दारात सुपात तांदूळ पाखडत होती. तिने पोराच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "बरं नाय का?" तो म्हणाला, "बा कुठे आहे?"

पुंजा शेतात होता. नागली कापून झाली होती, सड उभे होते, मधून मधून ऐनाच्या झाडांचे खुंट. यादवने बापाला एका खुंटावर बसवलं आणि स्वतः उभं राहून सगळं सांगितलं. बरोबर खात्याचा माणूस येणार. अहवाल साहेबाकडे जाणार. चुना धुऊन काढा, आजच काढा. अठ्ठ्याहत्तर सालाचं सांगितलं, खुंटांचं सांगितलं, शेजारच्या पाड्यावरच्या नांगराची आठवण दिली. बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला.

पुंजा ऐकत राहिला. त्याला यातलं काही नवीन वाटत नव्हतं.

"पण तू घाबरू नको बा," यादव म्हणाला. "मी सोय केली आहे. आमचा नियमच झाला तसा. शेत लागलं तर ते सोडायचं, पुढे जायचं. कागदावर कोणाचंच शेत येणार नाही."

त्याला वाटलं, बाप पाठीवर हात ठेवील. पुंजाने नुसतं विचारलं, "कोनाचंच नाय?"

"कोणाचंच नाही."

"झुंबरचं?"

"तिचंही नाही."

"मंग कागदात हा डोंगर कसा दिसंल?"

"जंगल. सगळं जंगल."

पुंजाने कमरेची चंची काढली, उघडली, आणि तंबाखू न घेताच पुन्हा बांधली. "आनि हा कागद साहेबाकडं जानार."

"हो."

"तुझ्या हातचा."

यादवने पायाजवळचा एक सड उपटला.

"हे बघ पोरा," पुंजा सावकाश म्हणाला. "गार्ड येतो. म्हनतो, पुंजा, हे जंगल हाय. मी म्हनतो, नाय, माझ्या बाचं शेत हाय. तो म्हनतो, कागद दाव. कागद नाय. तरी मी भांडतो. का भांडतो? शेत हाय म्हनून. डोळ्याला दिसतंय. आता तो काय म्हनंल? म्हनंल, पुंजा, तुझ्याच पोरानं लिवलंय, ब्याऐंशी साली डोंगरभर जंगल व्हतं. शेत नव्हतंच. मंग हे तू कवा तोडलं? काल तोडलं?"

वाऱ्यावर सड खसखसले. यादवला एकदम थंडी वाजली. बापाने सांगेपर्यंत हे त्याला दिसलंच नव्हतं. लताला दिसलं होतं, तिने बोलूनही दाखवलं होतं. तो शेत लपवायला गेला होता आणि त्याने ते पुसून टाकलं होतं. एकट्या बापाचं नाही, साऱ्या पाड्याचं. शास्त्राच्या भाषेत, सरांच्या सहीने, खात्याचे लोक कधीही काढून दाखवू शकतील अशा कागदावर. आतापर्यंत डोंगरावर सरकारचाच कागद होता. दुसरा त्याने तयार केला होता.

"पण बा, लिहिलं तर शेत जाईल," तो म्हणाला. आपला आवाज लहान मुलासारखा झालाय हे त्याला कळत होतं.

"जाईल. का नाय जायचं?"

"मग?"

"नाय लिवलं तरी जाईल. पन लिवलं तर गेलं म्हनता येईल. जे नव्हतंच, ते गेलं कसं म्हनायचं?"

यादव त्याच्या शेजारी जमिनीवर बसला. "मला भीती वाटते बा," तो म्हणाला.

"मला रोज वाटते," पुंजा म्हणाला. "पेरतानी वाटते, कापतानी वाटते. कुत्रं भुकलं तरी वाटते. तुला आताच कळली." मग तो उठला, धोतर झटकलं, आणि म्हणाला, "चुना लागलाच हाय तर राहू दे. लय महाग पडला."

सोमवारी परतायचं यादवचं धाडस झालं नाही, आणि मंगळवारी सकाळची गाडी सावळघाटात बंद पडली. यादव नाशिकला पोचला तेव्हा कॉलेजची दुसरी घंटा होऊन गेली होती. तो सीबीएस स्टँडपासून जवळजवळ पळतच आला. वाटभर तो एकच मनात घोकत होता. आराखडा गेला नसू दे. आणि दोन पावलं पुढे गेलं की मनातलाच कोणी म्हणे, गेला असला तर बरंच, मग तुला बोलावं लागणार नाही. दोन्ही इच्छा खऱ्या होत्या.

आराखडा गेला नव्हता. न्यायला माणूस आला होता. प्रयोगशाळेत सरांच्या समोर खाकी कपड्यातले एक गृहस्थ चहा पीत बसले होते, रेंज ऑफिसातले फॉरेस्टर. टेबलावर टाइप केलेले कागद, वर दगडाचं वजन. लता आणि माधव कडेला उभे. यादव दारातच थबकला. एका क्षणात त्याच्या मनात आलं की आत्ता मागे फिरावं, तब्येत बरी नव्हती म्हणावं. पाय तसे वळलेही.

"ये भोये," सर म्हणाले. "हाच तो. सातवा नियम याचाच."

"छान केलंत," फॉरेस्टर म्हणाले. "आम्हालाही तेच पाहिजे. उगाच लफडी नकोत."

ते लफडी म्हणाले आणि यादवला बापाच्या शेतातले सड दिसले. त्याची जीभ टाळूला चिकटली होती. त्याने ती सोडवली.

"सर, सातवा नियम काढायला हवा."

"काय?"

"काढायला हवा, सर. डोंगरावर शेतं आहेत. मला माहीत होती. पाचव्या चौकटीत एक आहे. वर आणखी आहेत. ती सोडली तर अहवाल खोटा होईल."

माधवच्या तोंडून विनोद निघाला नाही, हेच विशेष. सरांचा चेहरा पडला. ते फॉरेस्टरकडे पाहून यादवला हलक्या आवाजात म्हणाले, "प्रत यांच्याकडे जाणार आहे. कळतंय ना तुला?"

"कळतंय सर." त्याने टेबलाची कड धरली.

फॉरेस्टरांनी कप खाली ठेवला. "अहो, टाइप झालंय सगळं. पोराचं काय ऐकता?"

सरांना तेही पटण्यासारखं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तेवढ्यात लता पुढे आली. तिने वजन उचललं, कागद ओढला, आणि कोणाला न विचारता सातव्या नियमावर पेनाने आडवी रेघ मारली. मग नकाशाच्या खालच्या कोऱ्या जागेत तिने लिहायला घेतलं. पाचवी चौकट. तिने मान वर केली.

"काय लिहू?"

"शेत."

तिने लिहिलं. फॉरेस्टरांनी खिशातून डायरी काढली होती. त्यांनीही पेनाचं टोपण उघडलं. त्यांचा आवाज चढला नाही, उलट मऊ झाला, आणि यादवला तो अधिक भयंकर वाटला.

"कोणाचं आहे?"

यादवच्या डोळ्यांसमोर काळोखी आली. त्याने ती जाऊ दिली.

"माझ्या वडिलांचं."

"पूर्ण नाव सांग."

दोन पेनं थांबली होती, लताचं आणि त्यांचं. यादवला आता कळत होतं की नाव दोन्ही कागदांवर जाणार, एकावर शेत होतं म्हणून, दुसऱ्यावर शेत काढून घ्यायचं म्हणून, आणि त्यातलं एक थांबवणं त्याच्या हातात नव्हतं. त्याच्या बापाचं नाव त्या डोंगराच्या कुठल्याच कागदावर आजवर चढलं नव्हतं. मधलं नाव, ज्याने पहिल्यांदा ती जमीन फोडली त्या म्हाताऱ्याचं, तेही नव्हतं.

"पुंजा कान्हू भोये," तो म्हणाला, आणि दोघंही लिहून घेतील इतक्या सावकाश त्याने ते पुन्हा एकदा सांगितलं.